बॉयलर नवा, पाइप अपुरे : खर्च कोणी भरायचा?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउला तीन बेडरूमच्या घरात राहतो. नोव्हेंबरमध्ये स्वयंपाकघरातला जुना बॉयलर काढून लॉफ्टमध्ये (माळ्यावर) 30 किलोवॅटचा कॉम्बी, म्हणजे घरही तापवणारा आणि नळालाही गरम पाणी देणारा बॉयलर, बसवून घेतला. एकूण 3,400 पौंड. 400 डिपॉझिट क्रेडिट कार्डावर, बाकी बँकेतून. तेव्हापासून खालचे रेडिएटर कोमटच राहतात, पाइपांतून आवाज येतो, बॉयलर सारखा बंद-चालू होतो. दुसऱ्या हीटिंग इंजिनिअरने पाहून सांगितलं, की लॉफ्टमधून खाली आणलेले पाइप 15 मिलिमीटरचे आहेत, 22 चे हवे होते. बसवणारा म्हणतो, 'बॉयलर ठीक आहे, दोष तुमच्या जुन्या पाइपांचा, इनव्हॉइसवर तसं छापलंय.' घरात तान्हं बाळ आहे. दुसऱ्याकडून काम करून घेऊन पैसे याच्याकडून वसूल करता येतील का?

उत्तर : येतील, पण क्रम चुकवू नका. पहिल्या माणसाला दुरुस्तीची लेखी संधी देण्याआधी त्या पाइपांना कोणालाही हात लावू देऊ नका. घाईने पाइप बदलून घेतले की पुरावा जातो आणि 'मला संधीच दिली नाही' हे उत्तर त्याला आयतं मिळतं. बाळाला थंडी वाजतेय, तुमचा जीव खालीवर होतोय, हे मला कळतं. तरीही हे थोडे दिवस काढाच.

कन्झ्युमर राइट्स ॲक्ट 2015 च्या कलम 49 प्रमाणे सेवा देणाऱ्याने काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने करायला हवं. बॉयलर भिंतीवर टांगून तो पेटला, एवढ्याने काम पुरं होत नाही. तुम्ही पैसे घर गरम होण्यासाठी दिलेत. तांब्याच्या 15 च्या पाइपाची आतली पोकळी जेमतेम साडेतेरा मिलिमीटर, 22 ची वीस. म्हणजे पाण्याला वाट निम्म्याहून कमी. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यात 20 अंशांचा फरक धरला, तर ज्या वेगाने 22 मधून 25 किलोवॅटच्या आसपास उष्णता जाते, त्याच वेगाने 15 मधून 12 च जाते. हा हिशेब काम घेण्याआधी करणं त्याचं काम होतं, तुमचं नव्हे. शिवाय लॉफ्टमधून खाली आलेले पाइप त्यानेच टाकलेत; 'जुने पाइप' ही सबब तिथे लागूच पडत नाही.

इनव्हॉइसवरच्या छापील ओळीला घाबरू नका. कलम 57 प्रमाणे ही जबाबदारी अशी एका वाक्याने झटकता येत नाही. मात्र काम सुरू होण्याआधी त्याने 'पाइप बदलावे लागतील, इतका खर्च येईल' असं सांगितलं असेल आणि तुम्ही नको म्हणाला असाल, तर बाजू खरोखर कमकुवत होते. जुने ईमेल आणि व्हॉट्सॲप आज रात्रीच तपासा. तो बिल्डिंग रेग्युलेशन्सचं (बांधकाम नियमांचं) सर्टिफिकेट पुढे करेल. कामाची नोंद झाली एवढंच त्यातून कळतं. पाइपांचं माप बरोबर होतं असं नाही.

आता पुरावा. कागदाची पट्टी पाइपाभोवती गुंडाळा, जुळते तिथे खूण करा आणि फूटपट्टीवर मोजा : 47 मिलिमीटर भरले तर पाइप 15 चा, 69 भरले तर 22 चा. पट्टी, पट्टीवरची खूण आणि पाइप एकाच फोटोत घ्या. बॉयलरच्या पुस्तिकेत बेंचमार्क नावाचा तक्ता असतो. त्यात बसवताना नोंदलेली तापमानं आहेत की रकाने कोरे आहेत, त्याचाही फोटो काढा. पाहून गेलेल्या इंजिनिअरकडून दोन परिच्छेद लेखी घ्या. तोंडी मताला कोर्टात फारशी किंमत नसते.

मग ईमेल. दोष काय, कोणते पाइप बदलून हवेत ते लिहा आणि कलम 55 प्रमाणे स्वतःच्या खर्चाने काम पुन्हा करून देण्याची मागणी करा. कायदा 'वाजवी वेळ' म्हणतो. कडाक्याच्या थंडीत, घरात तान्हं मूल असताना 10 ते 14 दिवस पुरेसे आहेत. तो आला नाही किंवा काम पुन्हा फसलं, तर कलम 56 प्रमाणे किंमत कमी करून तेवढे पैसे परत मागा, किंवा दुसऱ्याकडून दुरुस्ती करून तो खर्च भरपाई म्हणून मागा. त्याआधी दोन लेखी कोटेशन्स घ्या आणि कापून काढलेला पाइपाचा तुकडा जपून ठेवा.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे ते 400 पौंड. कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट 1974 च्या कलम 75 प्रमाणे कामाची किंमत 100 पौंडांहून अधिक आणि 30,000 पर्यंत असेल, तर कार्ड कंपनीही बसवणाऱ्याइतकीच जबाबदार असते, आणि तीही नुसत्या डिपॉझिटपुरती नव्हे, पूर्ण दाव्यासाठी. तो फोन उचलेनासा झाला किंवा त्याने कंपनीच बंद केली, तरी हा दरवाजा उघडा राहतो. कार्ड कंपनीने नकार दिला किंवा 8 आठवड्यांत अंतिम उत्तर दिलं नाही, तर फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे (बँका आणि कार्ड कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेकडे) जा. तिथे फी नाही.

कोर्टाची वेळ शक्यतो येऊ नये. आलीच, तर 10,000 पौंडांपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या सोप्या प्रक्रियेत, जातो. आधी 14 दिवसांची नोटीस द्या आणि इनव्हॉइसवर माणसाचं नाव आहे की लिमिटेड कंपनीचं, ते नीट पाहून दावा त्याच नावाने करा. वकील लावू नका. जिंकलात तरी त्याची फी सहसा परत मिळत नाही. मुदत 6 वर्षांची आहे.

एक गोष्ट मात्र यातल्या कशासाठीही थांबवू नका. ज्याने पाण्याचे पाइप बारीक घातले, त्याने गॅसचा पाइपही बारीकच ठेवला असण्याची शक्यता आहे. मीटरपासून बॉयलरपर्यंत गॅसचा दाब 1 मिलिबारहून जास्त पडता कामा नये. गॅस सेफ नोंदणी (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत नोंदणी) असलेल्या इंजिनिअरकडून बॉयलर पूर्ण जोरात चालू असताना हा दाब या आठवड्यातच मोजून घ्या. त्याहून जास्त पडत असेल, तर गॅस सेफ रजिस्टरकडे तक्रार करा. सुरक्षेच्या तक्रारीवर त्यांचा निरीक्षक येऊन तपासणी करतो, आणि त्याचा अहवाल तुमच्या पैशांच्या दाव्यातही कामी येईल.