वाचताना शब्द कळतात, मग लिहिताना कुठे जातात?

प्रश्न: माझं इंग्लिश तसं बरं आहे, पेपर वाचते, मीटिंगमध्ये बोलते. रोज अ‍ॅडव्हान्स्ड शब्दांची लिस्ट पाठ करते, पण रिपोर्ट लिहायला बसले की परत तेच गुड, बिग, इम्पॉर्टंट. अजून किती शब्द पाठ करायचे?

उत्तर: आधी ते पाठ करणं थांबवा, अगदी मनापासून सांगतेय. तुम्हाला शब्द कमी पडत नाहीयेत, ओळखीचे शब्द वापरात येत नाहीयेत, आणि लिस्टने नुसती ओळख वाढते. लिस्टमध्ये मिटिगेट म्हणजे कमी करणे आणि अलिव्हिएट म्हणजे पण कमी करणे एवढंच असतं, मग ऐनवेळी कुठला घ्यायचा कळत नाही आणि आपण रिड्यूस लिहून मोकळे होतो. खरं तर मिटिगेट जास्त करून रिस्क, डॅमेज, इम्पॅक्ट यांच्यासोबत येतो आणि अलिव्हिएट पेन, पॉव्हर्टी, सफरिंग यांच्यासोबत. म्हणून वहीत शब्द एकटा लिहूच नका, 'मिटिगेट द रिस्क' असा जोडीने लिहा आणि त्याखाली तुमच्याच कामातलं एक वाक्य. यासाठी लर्नर्स डिक्शनरी (इंग्लिश शिकणाऱ्यांसाठी केलेला शब्दकोश) घ्या, तिच्यात अशा जोड्याही असतात आणि शब्द फॉर्मल आहे की बोलण्यातला तेही दिलेलं असतं.

शब्द निवडायचे ते वाचनात दोन-तीनदा भेटलेले. लिस्ट हवीच असेल तर भाषा-संशोधक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट बघा, तिच्यात शैक्षणिक लेखनात वारंवार येणारी ५७० शब्दकुटुंबं आहेत (अ‍ॅनलाइझ, अ‍ॅनालिसिस, अ‍ॅनालिटिकल हे सगळं मिळून एक कुटुंब) आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याला ती फार कामाची आहे. स्पर्धेत मिरवायचे दुर्मिळ शब्द तिच्यात नाहीत, ते बरंच आहे.

उजळणीची पद्धत मात्र बदला. वही उघडून नुसती वाचत बसलात तर सगळं येतंय असं वाटतं, पण तो भास असतो. वाक्यातला तो शब्द झाका आणि आठवून बघा, दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. थोडं विसरायला झालं असताना ताण देऊन आठवलेला शब्दच जास्त टिकतो, त्यामुळे लगेच आठवला नाही म्हणून वैतागू नका.

आणि रिपोर्टचा पहिला ड्राफ्ट गुड-बिग घालूनच लिहा, अडू नका. नंतर फक्त दोन-तीन जागा निवडून तिथे वहीतली जोडी बसते का बघा. नसेल बसत तर साधाच शब्द ठेवा, यूजच्या जागी उगाच यूटिलाइझ घालून वाक्य जड करू नका.