शेजारची मुलगी तान्हं बाळ आणून म्हणते, ‘मला नाही जमणार.’ काय करू?

आधी बाळाला ऊब द्या, टोपडं घाला. तिला बसवा, पाणी द्या. ‘कशी आई गं तू’ हे तोंडातून निघता कामा नये; ती उकिरड्याकडे नाही, तुमच्या दारात आली आहे. रक्तस्राव किंवा ताप असेल तर थेट दवाखाना.

मग १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक फिरवा. पुढचं बालकल्याण समिती बघते. बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये मूल सोपवायची रीतसर सोय आहे. तिचं समुपदेशन होतं, नाव गुप्त राहतं आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात.

मूल नसलेल्या मावशीला परस्पर देऊन टाकू नका (हा सल्ला हमखास येतो!). तो गुन्हा ठरतो.