कुत्र्याला हाडाचा कॅन्सर आहे, ‘आता उपाय नाही’ असं सांगितलंय. नाशिकमध्ये निदान त्याच्या दुखण्यासाठी काही करता येईल का, की मुंबईला न्यावं?

तुमच्या ११ वर्षांच्या लॅब्राडॉरबद्दल वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या शेरालाही पुढच्या पायाला हेच झालं होतं.

कॅन्सरवर उपाय नाही याचा अर्थ दुखण्यावर उपाय नाही असा होत नाही. हा प्रश्न डॉक्टरांना वेगळा विचारावा लागतो. आम्ही तो तीन आठवडे विचारलाच नाही, कारण शेरा कण्हत नव्हता. जेवत होता, दुधाच्या पिशवीचा आवाज आला की शेपूट हलवत यायचा. पण रात्री दोनला उठायचा, स्वतःभोवती फिरून बसायचा, पाच मिनिटांत परत उठायचा. जानेवारीतली नाशिकची थंडी, आम्ही गोधडीत, आणि हा जीभ बाहेर काढून धापा टाकतोय. मला वाटलं, म्हातारपण. ते दुखणं होतं. सारखी जागा बदलणं, एकच जागा चाटत राहणं, हात लावू न देणं, अशा गोष्टींतूनच ते कळतं.

त्याच दिवसांत माझ्या हातून मोठी चूक झाली. घरातली डायक्लोफेनॅकची, म्हणजे माणसांच्या दुखण्यावरची, अर्धी गोळी मी पोळीत घालून दिली. दुसऱ्या दिवशी शी डांबरासारखी काळी. पोटात रक्तस्राव झाला होता. वेळेत सलाईन लागलं म्हणून वाचला. हात जोडून सांगते, माणसांची गोळी देऊ नका. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला सोसत नाही. घरात मांजर असेल तर तिच्यासाठी पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरते.

हाडाचं दुखणं एका औषधाने आटोक्यात येत नाही. सुजेवर मेलोक्सिकॅमसारखी गोळी, तीही रक्तात किडनी-लिव्हर तपासून आणि भरल्या पोटी. तिच्याबरोबर प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड कधीच नाही. नसांच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन, पण कॅप्सूलच मागा. माणसांच्या पातळ औषधात कधी झायलिटॉल हा गोड पदार्थ असतो, तो कुत्र्याला विष आहे. एवढ्यानेही भागलं नाही तर दवाखान्यात ठेवून केटामाइन, फेंटानिल अशी जास्त तीव्र वेदनाशामकं थेंबाथेंबाने देतात, नस बधिर करतात, हाडासाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड शिरेतून देतात. आणि पाय काढणं हाही दुखण्यावरचाच उपाय आहे. ऐकायला भयंकर वाटतं, पण बाकीचे सांधे धड असतील तर कुत्री तीन पायांवर छान चालतात. शेराची मागची कंबर गेलेली होती, म्हणून आम्ही तो मार्ग घेतला नाही.

‘वेदनातज्ज्ञ’ अशी पाटी शोधत फिरू नका. दुखणं आटोक्यात आणणं भूलशास्त्रात येतं, आणि ते आपल्याकडे शस्त्रक्रियेच्या एम.व्ही.एस्सी.मध्ये (जनावरांच्या डॉक्टरांच्या पदव्युत्तर पदवीत) शिकवतात, तेव्हा सर्जरी केलेले डॉक्टर कोण आहेत ते विचारा. मुंबईला एकदा जाण्यात अर्थ आहे, दर आठवड्याला नाही. कसारा घाटातल्या धक्क्यांनी त्याचे हाल होतील. परळचं जनावरांचं बाई साकरबाई रुग्णालय आहे, महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं २०२४ मध्ये सुरू झालंय. फोन करून वेळ घ्या, एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट न्या, औषधांचा आराखडा लिहून आणा आणि पुढचं इथल्याच डॉक्टरांकडून करून घ्या.

आज रात्रीच एक करा: तो उठताना मोबाईलवर व्हिडिओ काढा. दवाखान्यात घाबरून कुत्री सरळ चालतात आणि डॉक्टरांना खरं काही दिसतच नाही. आम्ही कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी रोज लिहायचो, किती वेळा उठला, कधी गोळी दिली. त्यावरून डॉक्टरांनी दोनदा डोस बदलला. तिसऱ्या रात्री शेरा कुशीवर, चारही पाय ताणून झोपला. मी दिवा लावून बघत बसले होते. फरशीवर पाय घसरू नये म्हणून सगळीकडे सतरंज्या टाकल्या होत्या, तेवढ्यानेही त्याला फार बरं वाटलं.

अमेरिकेतल्या डॉ. अ‍ॅलिस विलालोबोस यांची एक पद्धत आहे. दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाइटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी १० पैकी गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर त्याचं जगणं सुसह्य आहे असं मानतात. आमची सात आठवडे वर राहिली, मग चार दिवसांत खाली आली.

त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायची वेळ येईल त्या दिवसाबद्दल आत्ताच, डोकं शांत असताना विचारून ठेवा: डॉक्टर घरी येतील का, आधी गुंगीचं इंजेक्शन देतील का. आम्ही विचारून ठेवलं होतं. म्हणून शेरा शेवटी स्टीलच्या टेबलावर नव्हता, त्याच्या सतरंजीवर होता, डोकं माझ्या मांडीवर ठेवून.