पेस्टल खडूच्या पुडीने जुना भासवलेला मॉडेल रेल्वेचा डबा मॅट (चमक नसलेल्या) लॅकरचा स्प्रे मारल्यावर पुन्हा कोरा का दिसतो? एअरब्रश घ्यावा का?

एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं छोटं यंत्र, घेऊ नका. निदान या कारणासाठी तरी नको. पूड लावून डबा मनासारखा झाला आणि स्प्रे मारताच निम्मं काम गेलं, असं तुम्ही लिहिलंय. माझं हेच बारा वाघिणींवर, म्हणजे मालगाडीच्या डब्यांवर झालं, आणि ज्याच्यासमोर व्हायला नको होतं त्याच्यासमोर झालं.

एचओ मापातल्या (खऱ्याच्या १/८७) उघड्या कोळसा वाघिणी होत्या. रोज रात्री एक घ्यायचो. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), काळा आणि फिकट राखाडी एवढेच खडू, ब्लेडने खरवडलेले. माझा एक मित्र या छंदात माझ्याआधीपासून आहे. खडू चित्रकलेच्या वहीसाठी, मॉडेलला एअरब्रशच हवा, हे त्याचं ठाम मत. म्हणून शेवटचा स्प्रे मी त्याला मुद्दाम बोलावून त्याच्यासमोर मारला. बघता बघता राखाडी धूळ गेली, खालच्या कडेचा फिकट चिखल गेला, गंजाचे ओघळ तेवढे उरले. तो म्हणाला, "सांगितलं होतं ना?" मी गप्प बसलो. ते वाक्य मात्र अजून डोक्यातून गेलेलं नाही.

चूक खडूची नव्हतीच. पेस्टलमध्ये रंगद्रव्याबरोबर बरीच पांढरी भर असते आणि चिकटवणारा डिंक अगदी थोडा. कणांमधल्या हवेमुळे प्रकाश विखुरतो, म्हणून पूड धुळीसारखी फिकट दिसते. स्प्रेमधल्या लॅकरने त्या फटी भरल्या की पांढरी भर जवळजवळ पारदर्शक होते. म्हणून फिकट रंग आधी जातात आणि गडद टिकतात. शिवाय कॅन जवळ धरला तर फवाऱ्याच्या वाऱ्यानेच सुटी पूड उडते. मी कॅन फारच जवळ धरला होता.

आता मी मॅटचा पहिला थर पूड लावण्याआधीच देतो, कारण गुळगुळीत प्लॅस्टिकवर पूड धरत नाही. मग गडद रंग, लांबून हलका फवारा, पुन्हा पूड, असं दोन-तीनदा. सगळ्यात वरची फिकट धूळ शेवटी, आणि तिच्यावर स्प्रे नाहीच. तेवढी वाघीण चाकांना धरून उचलायची. बाजूंवर ब्रश वरून खालीच ओढा, पावसाचं पाणी तसंच उतरतं.

आणि खऱ्या वाघिणींचे फोटो समोर ठेवा. ओल्या रुळांवरून चाकांनी उडवलेल्या चिखलाचे दोन उभे पट्टे डब्याच्या टोकाच्या भिंतीवर, बरोबर चाकांच्या रेषेत दिसतात. माझ्या मित्राच्या एकाही वाघिणीवर ते नाहीत. खालच्या कडेला तपकिरी फवारा मारला की त्याचं काम संपतं, आणि अख्खी गाडी एकाच दिवशी मळल्यासारखी दिसते. एक वाघीण नुकती रंगवलेली, तिच्या शेजारची कित्येक वर्षं रंग न लागलेली, अशी गाडी खडू आणि ब्रशनेच जमते, कारण प्रत्येक डब्यापाशी थांबावं लागतं. त्या बारापैकी नऊ मी पुन्हा केल्या. तीन तशाच ठेवल्यात, शेजारी ठेवून त्याला दाखवायला.

एक मान्य करतो, उन्हाने उडालेला रंग अख्ख्या डब्यावर एकसारखा दाखवायचा असेल तर एअरब्रश सरस आहे. ऑइल पेस्टल चुकूनही घेऊ नका, त्याची पूडच होत नाही. खडू खरवडताना मास्क लावा, काही रंगद्रव्यं विषारी असतात. मॅट लॅकरवर अल्कोहोल लागलं तर पांढरट साय धरते, तेव्हा पूड अल्कोहोलमध्ये कालवून लावायची असेल तर आधी एखाद्या मोडक्या डब्यावर करून पाहा. आणि पूड धुऱ्यांच्या टोकांत गेली की वाघीण जड चालते, म्हणून काम करताना चाकं काढून ठेवा.