गाव की छावणी?

प्रश्न : मुलगा रशियात रोस्तोव्हला मेडिकलला आहे. सुट्टीत मित्रांबरोबर जवळच्या स्तारोचेर्कास्क गावी जाऊन आला. ‘आई, हे साधं गाव नाही, कोसॅकांची स्तानित्सा आहे,’ म्हणाला. म्हणजे छावणी का? आणि फोटोत लोक वरच्या मजल्यावरच राहताना दिसतात, ते का? — एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : ताई, छावणी उठते, स्तानित्सा उठत नाही; ते कोसॅकांचं कायमचं गाव. आपल्याकडं बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. कोसॅक हा शिलेदार. जमीन अख्ख्या स्तानित्सेच्या मालकीची, त्यातला वाटा प्रत्येक कोसॅकाला कसायला मिळायचा. बदल्यात झारनं बोलावलं की स्वतःचा घोडा, गणवेश, तलवार घेऊन हजर. घोडा घेताना कितीतरी घरं कर्जात गेली. कागदावर सौदा छान दिसतो, एवढंच म्हणतो. (कोसॅक आणि कझाकस्तानचे कझाक वेगळे बरं का, नावाचं मूळ तेवढं एक.) कारभाऱ्याला अतामान म्हणत आणि डॉन नदीकाठी गावसभा जिथं भरायची ती जागा म्हणजे ‘मैदान’. शब्द आपल्या ओळखीचाच, फिरत फिरत आपल्याकडंही आला, तिकडंही पोचला.

स्तारोचेर्कास्क साधंसुधं नाही. डॉन कोसॅकांची ती राजधानी होती. स्तेन्का राझिन हा बंडखोर पकडून इथं आणला, नंतर १६७१ मध्ये मॉस्कोत त्याला मारलं. आपल्याकडं राज्याभिषेकाला अजून तीन वर्षं होती. त्याला बांधलं होतं म्हणून दाखवतात त्या साखळ्या तिथल्या मोठ्या चर्चमध्ये आहेत.

आता घरं. बर्फ वितळला की वसंतात डॉन गावात शिरायची, एका घरातून दुसऱ्या घरी होडीनं जायचं. म्हणून खालचा मजला विटांचा, सामानसुमानाला; वरचा लाकडी, राहायला, भोवती गॅलरी. अशा घराला ‘कुरेन’ म्हणतात. शेवटी अतामान प्लातोव्हनं १८०५ मध्ये राजधानीच टेकडीवर हलवली, तेच नोव्होचेर्कास्क. पण जुनी स्तानित्सा काही ओस पडली नाही.

हे वाचताना मला आमची कोल्हापूरजवळच्या चिखलीची आत्या आठवली. पूर आला की चिखलीकर सोनतळीच्या माळावर, पाणी उतरलं की परत. २०१९ ला आम्ही तिला म्हटलं, आता तिकडंच राहा. तर म्हणाली, “म्हशी काय माळावर बसून हवा खात्यात व्हय? वैरण हितंच हाय न्हवं!” परत आल्यावर पहिलं काम काय, तर सोप्याच्या भिंतीवर पाणी कुठवर आलं तिथं गेरूनं रेघ ओढली. २००५ च्या रेघेच्या वर.

क्रांतीनंतर कोसॅकांची ती घोडेस्वारी आणि जमिनीचे हक्क गेले, माणसंही फार मारली गेली. स्तानित्सा हा शब्द मात्र अजून चालतो.

मुलगा पुन्हा गेला तर कुरेनच्या खालच्या भिंतीवर अशी एखादी रेघ दिसते का, तेवढं बघायला सांगा. फोटो मला हवाय.