मारहाणीच्या खटल्यात दंड झाला होता. कंपनीच्या सेल्समधील नोकरीच्या फॉर्ममध्ये ते लिहावे का?

आपण साताऱ्याचे आहात, गल्लीतील भांडणावरून आपल्यावर खटला झाला, 'दंड भरून सुटलो' असे आपण म्हणता, आणि आता पुण्याच्या एका कंपनीने कॉर्पोरेट सेल्सच्या जागेसाठी पाठवलेल्या फॉर्ममध्ये 'आपणांस न्यायालयाने कधी दोषी ठरविले आहे काय' असा रकाना आहे. आपले मेहुणे तेथे 'नाही' लिहायला सांगत आहेत. माझे उत्तर असे की 'होय' लिहा, आणि त्याआधी 'सुटलो' हा शब्द सोडून द्या. दंड ही शिक्षा आहे आणि शिक्षा दोषी ठरवल्याशिवाय होत नाही. हीच चूक मी साडेतीन वर्षे उराशी बाळगली होती. ती ज्यांनी माझ्या डोक्यात भरवली ते माझे थोरले बंधू आजही मानायला तयार नाहीत, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

आमचे गाव तासगाव तालुक्यात. भावकीतील चुलत्यांच्या द्राक्षबागेकडे जाणारी वाट आमच्या बांधावरून जाते आणि ती किती फुटांची हा वाद माझ्या जन्माच्या आधीपासूनचा आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांच्या बागेचा माल उतरवण्याचे काम चालू असताना दादांनी आमचा ट्रॅक्टर वाटेत आडवा लावला. व्यापाऱ्याचा टेम्पो भरलेल्या क्रेटांसह सकाळी दहापासून एक वाजेपर्यंत उन्हात उभा राहिला. चुलतभाऊ जाब विचारायला आला, शिवीगाळ झाली, दादांनी त्याला ढकलले आणि मी त्याची कॉलर धरून दोन थोबाडीत दिल्या. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, मेकॅनिकलचा डिप्लोमा नुकताच संपला होता. त्या दोन थोबाडीत मी दिल्या, हे मी कोठेही नाकारत नाही. भारतीय दंड संहितेची कलमे ३४१, ३२३ व ५०४, सोबत ३४, असा गुन्हा दाखल झाला. म्हणजे वाट अडवणे, साधी दुखापत, अपमान करून चिथावणे, आणि हे सर्व दोघांनी मिळून.

आता जे सांगतो ते आम्हाला कोणी त्या वेळी नीट सांगितले नाही, किंवा सांगितले आणि दादांनी ऐकू दिले नाही. ही तिन्ही कलमे आपसांत मिटवता येणारी होती. फिर्यादीने न्यायालयासमोर समेट मान्य केला असता तर कायद्याने त्याचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच झाला असता आणि आज मी दोषसिद्धीच्या कोणत्याही रकान्यात निर्धास्तपणे 'नाही' लिहू शकलो असतो. चुलतीने गावातील एका वडीलधाऱ्या माणसाकरवी निरोपही पाठवला होता, की दोघांनी घरी येऊन चहा प्यावा आणि टेम्पोच्या खोळंब्याबद्दल चार शब्द बोलावेत, म्हणजे पोरगा पुढच्या तारखेला समेटाची पुरसीस, म्हणजे न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन, देईल. दादांनी साफ नकार दिला. "त्यांच्या उंबऱ्यावर हात जोडायला जाणार नाही. दंड किती होईल? तो भरू, पण मान खाली घालणार नाही." वकिलांनाही तारखांचा कंटाळा आला होता. ते म्हणाले, कबूल करून टाका, मोकळे व्हा.

जून २०१३ मध्ये आम्ही गुन्हा कबूल केला. प्रत्येकी दीड हजार रुपये दंड आणि न्यायालय उठेपर्यंत कैद. ही कैद ज्याने भोगलेली नाही त्याला ती गमतीची वाटते. तुरुंग नसतो, कोठडी नसते. कोर्टाच्या मागच्या बाकावर दिवसभर बसून राहायचे. पंखा होता, पण तो साहेबांच्या बाजूला. पट्टेवाला एकेका प्रकरणाचा पुकारा करत होता, माणसे येत होती, तारीख घेऊन जात होती, आणि बाहेर जायचे तर विचारून जावे लागत होते. दादांनी खिशातून शेंगदाणे काढून मला दिले आणि हळूच म्हणाले, "बघ, संध्याकाळी घरी." संध्याकाळी आम्ही घरी होतो हे खरे आहे. पण गुन्हा कबूल केल्यावर दोषी ठरवण्याविरुद्ध अपील राहत नाही, फार तर शिक्षेचे प्रमाण किंवा तिची वैधता यांवर बोलता येते, ही गोष्ट मला पुढे एका दुसऱ्या वकिलांकडून कळली, तोवर उशीर झाला होता.

दादांना त्या दोषसिद्धीची आजवर एका पैचीही झळ लागलेली नाही. द्राक्षबागेला कोणी चारित्र्याचा दाखला मागत नाही. मागितला तो मला.

सप्टेंबर २०१६ मध्ये पुण्याच्या एका कंपनीत औद्योगिक वंगणांच्या विक्रीसाठी माझी निवड झाली. सांगली, सातारा व कोल्हापूर जिल्ह्यांतील साखर कारखाने आणि कुपवाड, मिरज येथील फाउंड्र्या असे क्षेत्र होते. फॉर्ममध्ये आपल्यासारखाच रकाना होता. मी दादांना फोन केला. ते म्हणाले, "दीड हजाराचा दंड, त्याला काय गुन्हा म्हणतात? कोण बघायला येतंय?" मी 'नाही' लिहिले. पडताळणी करणाऱ्या संस्थेचा अहवाल दोन महिन्यांनी आला. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराचे नाव आणि वर्ष टाकले की तालुका न्यायालयातील प्रकरणेही दिसतात, त्यासाठी कोणाला गावात येऊन चौकशी करण्याची गरज नसते. काचेच्या छोट्या खोलीत मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर वडिलांच्या नावातील एक अक्षर चुकले होते. क्षणभर मला मोह झाला, की हा मी नव्हेच असे म्हणावे. पण शेजारी गावाचे नाव होते आणि खाली दादांचेही. बाई शांतपणे म्हणाल्या की थोबाडीत मारल्याबद्दल त्यांना काही विचारायचे नाही, 'नाही' का लिहिले एवढेच विचारायचे आहे. मला उत्तर देता आले नाही. राजीनामा त्यांनीच टाइप करून ठेवला होता. तो नोटाबंदीचा आठवडा होता. परतीच्या एसटीत जुनी पाचशेची नोट चालली, पण वाहकाकडे सुट्टे नव्हते, म्हणून उरलेले पैसे त्याने तिकिटाच्या मागे लिहून दिले. ते तिकीट अजून माझ्याकडे आहे.

योगायोग असा की त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात हाच विषय हाताळला होता. तो निकाल सरकारी नोकरीतील पडताळणीचा आहे, खासगी कंपनीला तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण त्यातील विचार उपयोगी आहे. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, किरकोळ स्वरूपाचे प्रकरण दडवले असेल तर मालक ते माफ करू शकतो, आणि खरे सांगितले तरीही निवड करायची की नाही हा अधिकार मालकाकडे राहतो. शेवटचा भाग आपल्याला कटू वाटेल. 'होय' लिहिल्याने नोकरी मिळेलच असे मी म्हणत नाही. 'नाही' लिहिल्यास ती मिळूनही आपली होत नाही, कारण प्रत्येक पगाराला तो रकाना आठवतो.

दुसऱ्या कंपनीत मी फॉर्म येण्याची वाटच पाहिली नाही. तेथील विभागीय व्यवस्थापक वाळव्याकडचे होते आणि पहिली भेट एका साखर कारखान्याच्या अतिथिगृहात झाली. उन्हाळ्याचे दिवस होते, मिलचे ओव्हरहॉलिंग चालू होते, म्हणजे आमच्या धंद्यात वर्षाची मोठी ऑर्डर ठरण्याचा काळ. बेअरिंगच्या तेलाबद्दल बोलून झाल्यावर मी स्वतःहून सगळे सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "वाट पूर्वेच्या बांधावरची की पश्चिमेच्या?" मी सांगितले. मग म्हणाले, "पैशाचा काही मामला?" मी म्हणालो, नाही. "मग हेच मेलवर लिहून पाठवा, निकालाची नक्कल जोडा." मी पाठवले, पुण्याहून दोन फोन आले, आणि तीन आठवड्यांनी नेमणूक झाली. आज नऊ वर्षे तेथेच आहे.

त्यांचा दुसरा प्रश्न आपण नीट लक्षात घ्यावा. कॉर्पोरेट सेल्समध्ये माणूस कंपनीच्या वतीने दर देतो, उधारी ठरवतो, थकलेली वसुली आणतो. साखर विकली गेल्याशिवाय कारखाना बिल काढत नाही, त्यामुळे लाखोंची येणी आमच्या शब्दावर पडून असतात. कंपनीला भीती असते ती पैशांतील आणि कागदांतील खोटेपणाची. हाणामारीच्या जुन्या प्रकरणाकडे ती दुर्लक्ष करील, पण आपण त्याच प्रकरणासाठी कागदावर खोटे लिहिलेत तर नेमकी तीच भीती आपण खरी करून दाखवता.

म्हणून प्रथम ज्या न्यायालयात निकाल लागला तेथील नक्कल विभागातून निकालाची सही-शिक्क्याची प्रत आणि दंडाची पावती मिळवा. फॉर्ममधील प्रश्न अक्षरशः वाचा. अटक, प्रलंबित खटला आणि दोषसिद्धी हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि जे विचारले आहे त्याचेच उत्तर द्यायचे असते. चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचे बंधपत्र घेण्याची कारवाई, झाली असेल तर ती प्रतिबंधक कारवाई आहे, दोषसिद्धी नव्हे. निकालपत्रात १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचा उल्लेख आहे का तेही पाहा, कारण त्याखाली बंधपत्रावर सोडले असेल तर दोषसिद्धी पुसली जात नसली तरी तिच्यामुळे कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही. खुलासा चार ओळींचा ठेवा : वर्ष, कलमे, शिक्षा, आणि त्यानंतर काही घडलेले नाही. समोरच्या माणसाची चूक किती होती याचे वर्णन करू नका. मला स्वतःला ते टाळणे फार जड गेले होते.

हे सर्व मारहाणीपुरते आहे. प्रकरण फसवणुकीचे किंवा विश्वासघाताचे असते तर माझा सल्ला इतका सरळ नसता. विमा एजंट म्हणून होणाऱ्या नेमणुकीला तर अशी शिक्षा कायद्यानेच आड येते आणि शिक्षा संपून पाच वर्षे झाल्यावरच ती अडचण साधारणपणे दूर होते. आणि ज्यांचा खटला अजून चालू आहे, त्यांनी माझ्या दादांसारखी घाई करू नये. मिटवता येणारी कलमे असतील तर मिटवावे. तशी नसतील आणि फिर्यादी राजी असेल तर गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जाता येते. आता त्यासाठी आपल्याला मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून सातारा आणि सांगलीचे काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे.

दादा अजूनही म्हणतात की माझी पुण्याची नोकरी नशिबाने गेली, 'नाही' लिहून टिकलेले दहा जण ते दाखवतील. त्या दहांतील एकाचेही नाव त्यांनी आजवर सांगितलेले नाही. गेल्या हंगामात चुलतभावाचा टेम्पो त्याच वाटेने गेला आणि दादांनी फवारणीचा ब्लोअर बाजूला घेऊन वाट दिली, हे मी स्वतः पाहिले. त्यावर आम्ही बोललो नाही.

आपले मेहुणे काय करतात हे आपण लिहिलेले नाही. त्यांनी आयुष्यात असा फॉर्म कधी भरला आहे का, एवढे त्यांना विचारा, आणि मग सोमवारी नक्कल विभागात अर्ज द्या.