हॉलमधला आवाजाचा घुमारा मोजायचाय? आधी पंखे बंद कर
भावा, ॲप टाकलं, टाळी वाजवली, आकडा आला म्हणजे हॉलमध्ये आवाज किती वेळ घुमतो ते मोजून झालं असं नसतं. वाशीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मीपण हेच केलेलं, पंखे फुल चालू, बाहेर लोकल, दर वेळी वेगळाच आकडा. आवाज ६० डेसिबलने खाली यायला जेवढा वेळ लागतो तो म्हणजे आरटी ६०, म्हणजे घुमण्याचा वेळ, पण एवढी घसरण सहसा मिळतच नाही, म्हणून टी २० घे, म्हणजे २० डेसिबलचीच घसरण: सुरुवातीपेक्षा उणे ५ पासून उणे २५ डेसिबलपर्यंत पडायचा वेळ मोजून तिप्पट कर, त्यासाठीही आवाज गोंगाटापेक्षा निदान ३५ डेसिबल वर हवा. टाळीत खर्ज नसतो रे, मोठा फुगा फोड. माईक भिंतीपासून मीटरभर लांब, चार-पाच जागी. घुमण्याचा अभ्यास करणारे भौतिकशास्त्रज्ञ सॅबाइनसाहेब हार्वर्डमध्ये थिएटरातल्या गाद्या उचलून आणून घुमणं किती कमी होतं ते रात्री मोजायचे, आपण निदान सतरंज्या टाकून परत एकदा मोजूया, फरक ऐकूच येतो.